समुद्राच्या तळाची खुरपणी

समुद्राच्या तळाची खुरपणी करणारा नशिराबादचा मी पहिलाच माणूस असावा. तीन वाफे झाले होते. चौथ्याला हात घालणार तेवढ्यात मुलगी मागे येऊन उभी राहिली, म्हणून तो वाचला.

ही गोष्ट गेलं वर्षभर मी घरच्या कार्यांत, जेवणं झाल्यावर, सुपारी कातरता कातरता सांगत आलोय. लिहायचा विचार नव्हता. पण मागच्या महिन्यात बोदवडला एका साखरपुड्यात माझ्या साडूंनी तीच गोष्ट माझ्यादेखत सांगितली, आणि त्यांच्या सांगण्यात मी ट्रॅक्टर घेऊन समुद्रात उतरलो होतो. मंडळी माझ्याकडे आदराने बघत होती. तेव्हाच ठरवलं की जे घडलं ते एकदा कागदावर आणावं. ट्रॅक्टर नव्हता. खुरपं होतं, आणि तेही दुसऱ्याचं.

निघण्याआधी

आमची चार एकर केळी आणि दोन एकर कापूस. तोंडी लावायला मी गावच्या वाचनालयाचा चिटणीस आहे. मुलगी पल्लवी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीवर संशोधन करते. खाडीचं नाव लिहू नका असं तिने बजावलंय. कारण पुढे कळेलच.

ती कशावर संशोधन करते, हे मला दोन वर्षं नीट सांगता येत नव्हतं. ती फोनवर दर रविवारी समजावून सांगायची आणि मी दर रविवारी 'हो, हो' म्हणायचो. कोणी विचारलं तर 'समुद्रावर असते' एवढं सांगायचो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जहाज यायचं. माझ्याही यायचं.

गेल्या हिवाळ्यात म्हटलं, एकदा जाऊन जहाज बघून यावं. शोभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, यायचं होतं. पण कापूस फुटला होता आणि वेचणीला बाया मिळाल्या होत्या. त्या सोडून समुद्र बघायला जाणारी माणसं आमच्याकडे नसतात. तिने बामणोदची वांगी, बिबडे, ठेचा आणि कळण्याचं पीठ असा पोरीसाठी डबा बांधला आणि मला तीन दिवस दिले. मी अठरा दिवसांनी परत आलो.

पहिला दिवस: समुद्र गावाला गेला होता

सकाळी खाडीकाठी पोचलो तेव्हा समुद्र नव्हता. होता तो चिखल. डोळे पोचतील तिथपर्यंत करडा, ओला, चमकणारा चिखल, आणि त्यात पाय रुतवून उभे पक्षी. आमच्याकडे वाघूर नदी एकदा आटली की पावसाळ्यापर्यंत तिची वाट बघायची असते, म्हणून मी जरा हळहळून विचारलं, "कधी आटला?"

"पहाटे," पल्लवी म्हणाली. "चहा होईपर्यंत येईल परत."

आला. चहा झाला तेव्हा जिथे चिखल होता तिथे होड्या हलत होत्या. दिवसातून दोनदा जायचं आणि दोनदा यायचं, आणि वेळही रोज पाऊण तासाने पुढे सरकवायची. मला शेतीपंपाच्या विजेची आठवण झाली. फरक इतकाच, की हा येतो म्हणजे येतोच.

जहाजही नव्हतं. पल्लवी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते त्या काकी खाडीत तिसऱ्या काढतात. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. चिखल खुरप्याने उकरायचा, बोटांनी चाचपायचा, टोपली भरायची. काकींना या गावात सगळे काकीच म्हणतात, त्यांच्या सासूबाईसुद्धा. त्यांनी मला पायांपासून वर न्याहाळलं.

"पल्लवीचे बाबा काय? पांढरा पायजमा घालून चिखलात?"

"आमच्याकडे शेतात हाच चालतो."

"चालंल हो. रंगाचं काय ते खाडी बघंल."

रात्री जेवताना पल्लवीने सांगितलं की उद्या सकाळच्या ओहोटीला तिचं शेवटचं माप आहे. पंधरा दिवस चिखलात आठ चौकोन आखून ठेवलेत, उद्या त्यांच्या वरचा पातळ थर नळीने काढून घ्यायचा. हे आठ चौकोन म्हणजे तिचा अख्खा हंगाम. ती हे सगळं नीट, सावकाश सांगत होती. मी 'हो, हो' म्हणत होतो. प्रवासाने पाठ धरली होती.

दुसरा दिवस, सकाळ

साडेसातला चिखलात उतरलो. एका पावलाला एक मिनिट लागतं. पल्लवी बगळ्यासारखी चालत होती, मी म्हशीसारखा. चौकोनांपाशी पोचल्यावर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "नळ्या खोलीत राहिल्या. बाबा, इथेच थांबा, मी आणते. काही करू नका."

काही करू नका. शेतकऱ्याला शेताच्या बांधावर उभं करून हे सांगणं सोपं आहे.

मी बघू लागलो. बांबूच्या खुंट्या, खुंट्यांना दोरी, हात-दीड हाताचे चौकोन. कांद्याच्या रोपांचे वाफे हुबेहूब असेच असतात. चार वाफ्यांवर जाळी होती. ठीक, रोपं पाखरांपासून झाकलीत. पण उरलेले चार उघडे, आणि त्यांच्यावर तपकिरी, तेलकट पपडी धरलेली. गार झालेल्या चहावर धरते तशी. आमच्या बागेत ठिबकच्या नळीखाली असं शेवाळ धरलं की समजायचं, पाणी जास्त झालं आणि जमिनीचा श्वास कोंडला. ते दिसलं की हात आपोआप खुरप्याकडे जातो. माझ्या वडिलांचा जायचा, माझा जातो. वर त्या पपडीवर चिमुकल्या गोगलगायी फिरत होत्या, शेकड्यांनी. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी गोगलगायींनी पपईची रोपं एका आठवड्यात साफ केली होती.

मला वाटलं, पोरगी एकटी राहते. कोण करणार हे सगळं?

काकींची टोपली जवळच होती आणि टोपलीत खुरपं. काकी स्वतः लांब, वाकलेल्या.

मी काम नीट केलं, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. बोटभर खोल, डावीकडून उजवीकडे, ढेकूळ निघालं तर हाताने फोडून, शेवटी तळहाताने सपाट. गोगलगायी एकेक वेचून रुमालात घेतल्या. तीन वाफे असे झाले की कृषी प्रदर्शनात ठेवावेत.

"बाबा."

"झालंच. एवढा एक राहिला."

"बाबा, हे काय केलंत?"

"पपडी धरली होती. जमीन श्वास कशी घेणार?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उकिडवी बसली आणि एकेका चौकोनाकडे बघत राहिली.

"गोगलगायी कुठे आहेत?"

मी रुमाल उघडून दाखवला. चौकोनांकडे बघितलं त्यापेक्षा जास्त वेळ ती त्या रुमालाकडे बघत होती.

तोवर काकी आल्या. "माजं खुरपं कोणी उचललं?" मग त्यांना चौकोन दिसले, मी दिसलो, माझ्या हातातलं खुरपं दिसलं. "अगो बाय! काय ओ, कोकणात येऊन शेती सुरू केलीत काय?"

पल्लवीने नळ्या खाली ठेवल्या. "बाबा, तुम्ही एका झाडावरून बागेचा अंदाज देता का?"

"छे. निदान चार कोपऱ्यांतली चार तरी बघावी लागतात."

"मला आता एकच उरलंय," ती म्हणाली.

दुसरा दिवस, दुपार: तीच गोष्ट पुन्हा, पण या वेळी मी ऐकली

दोन वर्षांच्या रविवारांत जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या दुपारी एका तासात शिरलं. अपराधी माणसाची ग्रहणशक्ती चांगली असते.

पल्लवीने नखाएवढा चिखल काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला डोळा लावायला सांगितलं. आधी मला माझीच पापणी दिसली. मग सोनेरी होड्या दिसल्या. काचेच्या डब्या म्हणा ना, आत सोनेरी रंग भरलेल्या. त्या चालत होत्या. एक पुढे गेली, थांबली, वळली. एक तर थेट आमचं बसराई केळं, तसाच बाक.

"हे शेवाळ?"

"शेवाळच. एकपेशी. तुमची पपडी यांचीच होती."

खाडीचं पाणी उथळ, त्यामुळे ऊन तळापर्यंत पोचतं. ओहोटी होऊन उजेड पडला की हे जीव चिखलातून वर येतात, उन्हात आपलं अन्न तयार करतात आणि भरती यायच्या आधी पुन्हा खाली जातात. घड्याळ कोणाकडेही नसतं. त्यांना गोगलगायी खातात. मोठ्या नांगीचे छोटे खेकडे चिखल तोंडात घेतात, यांना चाटून घेतात आणि उरलेल्याच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या करून बाहेर टाकतात. बोय मासा भरतीबरोबर येतो, चिखल चाटतो आणि पाण्याबरोबर परत जातो. लाटेने वरचा थर उठला की तो पाण्यातून गाळून तिसऱ्या खातात. गोगलगायी नि किडे पक्षी खातात, बोयला मोठे मासे खातात, आणि हे सगळं काकी विकतात किंवा खातात.

"म्हणजे गवत," मी म्हणालो.

"कुरण," ती म्हणाली. "फक्त कोणाला दिसत नाही."

तिला मोजायचं होतं ते हेच, की या कुरणातलं किती चरलं जातं. जाळीखालच्या चार चौकोनांत चरणारे शिरू शकत नाहीत. उघड्या चारांत शिरतात. पंधरा दिवसांनी दोन्हींत शेवाळ किती उरलं ते मोजायचं. म्हणजे उघडे चौकोन दुर्लक्षित नव्हते, ते जेवायला मोकळे ठेवले होते. आणि मी भरल्या पंगतीतून पानं उचलली होती, आणि पाहुणे रुमालात बांधले होते.

तिने तिच्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. मी खोलीच्या बाहेर पायरीवर बसलो. खिडकी उघडी होती. अमावास्येच्या उधाणाला, म्हणजे अजून पंधरा दिवसांनी, ओहोटी पुन्हा पुरेशी खाली जाईल. तेवढी एक संधी. त्यानंतर मोजायचं यंत्र दुसऱ्या खाडीवर जाणार आणि पल्लवीला पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागणार. नवे चौकोन आखायचे तर रोज ओहोटीला राखण हवी, कारण जेटीवरून गावात यायची पायवाट तिथूनच जाते, कुत्री जातात, गुरं जातात. तिची जोडीदारीण लग्नाला गावी गेलेली. आणि पल्लवीला त्याच वेळात तालुक्याच्या प्रयोगशाळेत आधीचे नमुने संपवायचे होते.

ती बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "मी थांबतो."

"नको."

"राखण मला येते. ज्वारीची केलीय. मचाणावर बसून."

दुसरं कोणी नव्हतं, एवढीच माझी पात्रता होती.

"हाताला काही लागता कामा नये," ती शेवटी म्हणाली. "आणि खुरपं काकींकडे राहील."

तिसरा दिवस आणि पुढचे

शोभाला फोन केला. खुरपणीचं बोललो नाही.

"पल्लवीला माझी इथे गरज आहे. पंधरा दिवस."

"कशासाठी?"

"राखणीला."

"कशाची राखण?"

"समुद्राची."

शोभाचं माहेर पारोळ्याचं. एरवी ती माझ्याशी माझ्यासारखंच बोलते, रागावली किंवा फार खूश झाली की अहिराणीत जाते. "आठे कापूस फुटी ऱ्हायना, केळी तोडाले उनी, आनि तुम्ही तठे समुद्रनी राखण करी ऱ्हायनात? तो कोठे जाई ऱ्हायना?"

"दिवसातून दोनदा जातो," मी म्हणालो. ते खरं होतं, पण त्या वेळी म्हणायला नको होतं.

पल्लवीने पलीकडच्या जागेत आठ नवे चौकोन आखले. मला बसायला एक प्लास्टिकचा क्रेट, एक छत्री आणि एक वही मिळाली. वहीत लिहायचं, काय आलं, किती वेळ थांबलं. हाकलायची ती माणसं, कुत्री आणि गुरं.

"आणि पाखरं?" मी विचारलं.

"पाखरं येऊ द्यायची. तीच तर येतात चरायला. त्यांना हात दाखवायचा नाही, आवाज करायचा नाही."

म्हणजे राखण करायची, पण पाखरांना खाऊ द्यायचं. माझ्या आयुष्यात एवढी अवघड राखण मी केलेली नाही. पाचव्या दिवशी तुतारींचा, म्हणजे चिखलात टोचणाऱ्या लांब चोचीच्या पाखरांचा, थवा उतरला आणि बरोबर माझ्या उघड्या चौकोनात चोची मारू लागला. माझ्या तोंडात 'हाऽऽऽ' आलं होतं. ते मी गिळलं. उजवा हात ढेकूळ शोधत होता, तो डाव्या हाताने धरून ठेवला. वहीत लिहिलं, 'अकरा पक्षी. बराच वेळ. पोटभर.' पल्लवीने संध्याकाळी 'पोटभर' खोडून काढलं.

रोज जाता-येता मी माझे जुने तीन चौकोनही बघायचो. खुरपणीनंतरच्या पहिल्याच भरतीने त्यांची गत केली होती. बाजूचा न उकरलेला चिखल घट्ट, आणि माझे तीन चौकोन बशीसारखे खोलगट, त्यात पाणी साचलेलं. पल्लवीने सांगितलं की ते शेवाळ एक चिकट पदार्थ सोडतं आणि त्याने चिखल धरून राहतो. मी ज्याला कोंडलेला श्वास समजलो होतो तो बांध होता.

"आमीबी उकरतो," काकी म्हणाल्या. "पन आज इथं, तर पंधरा दिवस पुन्हा तिथं नाय. रंग चढला पायजे."

"कुठला रंग?"

"हाच. चहाचा. तो नाय तर तिसरी नाय. आमाला कोन शिकवायला आलं नव्हतं." मग पल्लवीकडे बघून, "तुमची लेक आली आनि दोन वर्सं त्याच रंगाचे फोटो काडते."

काकींच्या घरी जेवणात रोज तिसऱ्या किंवा बोय. आमच्या घरात मांसमच्छी चालत नाही, त्यामुळे मी भात, सोलकढी आणि नारळाच्या कशाशीही जेवायचो, आणि माझ्या ताटाशेजारी ते सगळं कुरण रश्शात पडलेलं बघायचो. एक दिवस मी भरीत केलं. आमच्याकडे वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर भाजतात, तिथे नारळाच्या सोडणांवर भाजली. काकींनी ताटातल्या भरतात बोट फिरवलं.

"हे काय, वांग्याचा चिखल?"

"खाऊन बघा."

खाल्लं. पुन्हा वाढून घेतलं. "आता कळलं," त्या म्हणाल्या, "चिखल दिसला की तुमचा हात का जातो."

आठव्या दिवशी माझ्या जुन्या चौकोनांच्या कडेला तपकिरी छटा दिसली. मी वाकून बघितलं, छत्री बाजूला करून बघितलं. होती. रोप उगवलं की जसं होतं तसंच झालं मला. कोणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून शोभाला फोन केला.

"उगवलं!"

"काय उगवलं?"

"शेवाळ."

"आपल्या बागेत उगवलं तर दोन दिवस जेवत नाही तुम्ही," ती म्हणाली. आवाज मराठीत होता, म्हणजे राग उतरला होता. केळी तोडून झाल्याचं तिने सांगितलं. माझ्यावाचून काहीही अडलं नव्हतं.

दहाव्या दिवशी बसल्या जागी डुलकी लागली. पाणी समोरून येईल म्हणून मी समोर तोंड करून बसलो होतो. ते मागच्या ओहोळातून आलं. काकी काठावरून बोंब मारत होत्या, "अहो, राखण! उठा! तुमालाच न्यायला आलाय!" क्रेट वाचला, वही वाचली. एक चप्पल समुद्राने ठेवून घेतली.

शेवटच्या आधीचा दिवस

उद्या माप. पल्लवी प्रयोगशाळेत. पाणी परत चढायला लागलं होतं आणि मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिसऱ्या जाळीचा एक कोपरा फडफडताना दिसला. दोरी तुटली होती. खेकड्याने कातरली असावी. भरती आली की जाळी उलटणार, आत सगळे शिरणार, आणि पंधरा दिवसांचं झाकलेलं एका रात्रीत उघडं होणार. हे मला आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पल्लवीला फोन लावला.

"हात लावू नका," ती म्हणाली. मग थांबून, "नाही, लावा. कोपरा बांधा. पाय चौकोनाबाहेर. दोरी आहे?"

दोरी नव्हती. काकी केव्हाच वर गेल्या होत्या. पाणी पोटऱ्यांना लागलं. माझ्या अंगावर बांधण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या, पायजम्याची नाडी आणि करदोडा. नाडी दिली असती तर गावातून खोलीपर्यंत जाणं अवघड झालं असतं.

आमच्या घरात पोळ्याच्या दिवशी बैलांना नवी वेसण आणि पुरुषांना कमरेला नवा काळा करदोडा बांधतात. जुना काढायचा तो नवा बांधल्यावरच. कंबर मोकळी ठेवायची नाही. आजोबांपासून हे असंच आहे, का ते कोणी विचारलेलं नाही. मी चिखलातून एक शिंपला उचलला, त्याच्या धारेने करदोडा घासून घासून तोडला आणि गुडघाभर पाण्यात वाकून जाळीचा कोपरा खुंटीला बांधला. बैलाच्या दावणीला मारतो ती गाठ. पाय चौकोनाबाहेर.

"बांधलं," मी फोनवर म्हणालो.

"कशाने?"

"दोरीने," मी म्हणालो.

अमावास्येची ओहोटी

सकाळी आम्ही दोघं उतरलो. मी क्रेटपाशी थांबलो, सांगायची वेळ आली नाही. पल्लवीने एकेक जाळी काढली. पहिली, दुसरी. खालचा चिखल गडद तपकिरी, मऊ, घट्ट. शेजारचे उघडे चौकोन फिकट, त्यांवर गोगलगायींच्या रेघा, पक्ष्यांच्या पायांची नक्षी, साबुदाण्याच्या गोळ्या. यंत्र लागलंच नसतं. मलासुद्धा दिसत होतं कुठे जेवण झालंय आणि कुठे नाही.

तिसऱ्या जाळीपाशी ती थांबली. बाकीच्या दोऱ्या तिने कात्रीने कापल्या होत्या.

"हे काय आहे?"

"करदोडा."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. कात्री खिशात ठेवली आणि ती गाठ बोटांनी सोडवत बसली. भिजून आवळलेली गाठ होती, वेळ लागला. पाणी यायच्या आत अजून पाच चौकोन घ्यायचे होते, तरी तिने ती सोडवली. मग नमुन्यांच्या एका छोट्या पिशवीत करदोडा ठेवला, पिशवीवर पेनाने काहीतरी लिहिलं, आणि पिशवी बाकीच्या नमुन्यांच्या डब्यात ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "या चौथ्यापाशी या. नळी धरा. इथे. घट्ट."

मी धरली. श्वाससुद्धा बाजूला सोडला.

नशिराबाद

घरी आलो, न्हाणीतून बाहेर पडलो आणि शोभाची नजर कमरेवर गेली.

"करदोडा कुठेय?"

"पल्लवीकडे."

"पोरीकडे? बापाचा करदोडा?"

मग सगळं सांगावं लागलं. खुरपं, रुमाल, गोगलगायी, वही, चप्पल. ती कापसाच्या ढिगाशेजारी बसून ऐकत होती. हसली नाही, रागावलीही नाही. उठून देवघरातून नवा करदोडा आणला, पोळा सहा-सात महिने लांब असून, आणि माझ्या हातात दिला.

महिन्याभराने पल्लवीचा फोन आला की आकडे चांगले आलेत आणि अहवाल गेला. अहवालातलं एक वाक्य तिने खास आमच्यासाठी मराठीत करून पाठवलं होतं. 'पहिल्या फेरीतले तीन चौकोन मानवी हस्तक्षेपामुळे गणनेतून वगळण्यात आले.' मी ते दोनदा वाचलं. विज्ञानात माझी नोंद झाली होती. मग शोभाला मोठ्याने वाचून दाखवलं.

तिने चष्मा लावून स्वतः एकदा वाचलं, आणि मोबाइल मला परत दिला.

"पोर गुणनी शे मनी," ती म्हणाली. "बापले मानवी तरी लिखं."